गॅरेजचा कोबा मधेच खचलाय, लेव्हल कसा करायचा? ऐरोली रोहाऊस

ऐरोलीकर_रोहाऊस:
नमस्कार मंडळी. ऐरोलीला सिडकोचं जुनं रोहाऊस आहे, आम्ही सेकंड ओनर, घेऊन चार वर्षं झाली. पुढच्या मोकळ्या जागेत आधीच्या मालकाने वर पत्रा टाकून आणि गेट लावून गॅरेज केलेलं, १० बाय १८ फूट. कोबा त्यांच्याच काळातला, वीसएक वर्षांचा तरी असेल. आता तो मधे परातीसारखा खोलगट झालाय. पावसात गाडीवरून निथळलेलं पाणी आणि गेटखालून आत येतं ते पाणी सगळं मधे आणि डाव्या भिंतीला पाण्याच्या टाकीच्या बाजूला जाऊन बसतं, घरात शिरायचा दरवाजा गॅरेजच्या मागच्या टोकाला, त्यामुळे आई त्या डबक्यातून चपला भिजवत आत येते आणि मग रात्री जेवताना तो विषय निघतोच. मागच्या आठवड्यात पंक्चरसाठी जॅक लावला तर गाडी उचलता उचलता जॅकच कलायला लागला, तेव्हा म्हटलं आता पुरे.

तीन माणसांना दाखवलं, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणे सेल्फ लेव्हलिंग ओतू, वर इपॉक्सी मारू, दोन दिवसांत आरसा करून देतो. दुसरा मिस्त्री म्हणे अर्धा-पाऊण इंच माल मारून वरून मस्त घोटून देतो, फोडायची काही गरज नाही. आणि सासरे म्हणतात सगळं उखडा आणि नवीन पीसीसी (बिनसळयांचं साधं काँक्रीट) करा, नाहीतर पैसे पाण्यात. सासऱ्यांचं ऐकलं तर खर्च वाढतो, नाही ऐकलं तर वेगळा त्रास. मे चालू झालाय, पाऊस यायच्या आत उरकायचंय. कोणी केलंय का असं काम?

नेरूळ_फर्स्टफ्लोअर:
सेल्फ लेव्हलिंगच कर भावा, मी हॉलमध्ये व्हिनाईल टाकायच्या आधी केलेलं. बादलीत पावडर आणि मोजून पाणी, ड्रिल मशीनला घुसळणी लावून फेटायचं, ओतायचं, काट्यांचा रोलर फिरवून बुडबुडे काढायचे, बाकी ते आपलं आपण पसरतं. संध्याकाळी चालता येत होतं. एक नंबर फिनिश.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त:
तुमच्याकडे गॅरेज आहे आणि तुम्ही ते तिरकं आहे म्हणून रडताय 🙏 इथे मी रोज रात्री सोसायटीला तीन फेऱ्या मारतो.

जुना_सुपरवायझर:
ऐरोलीकर, जरा थांबा. चौतीस वर्षं साईटवर काढलीत म्हणून सांगतो, तुमचा प्रश्नच उलटा आहे. गॅरेजला लेव्हल नको असते, ढाळ पाहिजे असतो. सेल्फ लेव्हलिंग म्हणजे पातळ माल, तो पाण्यासारखा आपली पातळी धरतो, ढाळ देतच नाही. हॉलमध्ये व्हिनाईलखाली उत्तम, तिथे पाऊस येत नाही. तुमच्याकडे ते ओतलं की आत्ता पाणी एका खळग्यात साठतं ते मग अख्ख्या गॅरेजभर कागदासारखं पसरून राहील. शिवाय ते साधारण तीन ते दहा मिलिमीटरसाठी असतं, जाड थरात चालणारी मिळतात पण सरासरी अर्ध्या इंचाच्या वर जायचं म्हटलं तरी तुमच्या १८० फुटाला २५ किलोच्या पंधरा-सोळा बॅगा जातील, हिशोब दुकानात जाऊन करून बघा.

तर आधी पाणी कुठे घालवायचं ते ठरवा. मग कोबा कशाने खचला ते शोधा. माल कुठला हा सगळ्यात शेवटचा प्रश्न, आणि तुमच्या तिघांनीही सुरुवात तिथूनच केलीय.

मापं घ्या. मिस्त्री लागत नाही, वीस-पंचवीस फूट पारदर्शक पाईप आणा, अर्ध्या इंचाच्या आतला, पाणी भरा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका नाहीतर मार्क खोटा येतो. एका भिंतीवर कोब्यापासून तीन फुटावर पेन्सिलची रेघ मारा आणि पाईपने तीच पातळी सगळीकडे फिरवून घ्या, चारही बाजू. मग रेघेपासून खाली टेपने मोजत जा: गेटजवळ, मधे, मागे, टाकीपाशी. आकडा जितका मोठा तितका कोबा खाली. आणि दोन मापं लोक हमखास विसरतात ती घ्या, घराच्या उंबरठ्याचा माथा आणि गेटबाहेरचा रस्ता. रस्त्याचं माप घेतल्याशिवाय परत इथे लिहू नका.

दुसरं, हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत फिरा. भरीव असेल तिथे टणक वाजतो, खालचा भराव गेलेला असेल तिथे भदभद आवाज येतो. खडूने गोल करा.

तिसरं, ती टाकी. जमिनीखालची आहे ना? रात्री सगळे झोपले की आत येणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप बंद ठेवा, आतल्या भिंतीवर पाण्याची खूण करा आणि सकाळी बघा. टाकीचं झाकण उघडलंच आहे तर टॉर्च मारून स्लॅबचं पोट पण बघा, सळया उघड्या दिसतायत का. गाडी त्याच्यावरूनच जाते.

कोलशेतची_मृ:
पाऊण इंच माल मारून घोटून देणाऱ्यापासून लांब राहा दादा. आमच्याकडे हेच झालंय, ठाण्यात, सासऱ्यांचा बंगला आहे, गॅरेज तुमच्यापेक्षा थोडं मोठं. काँट्रॅक्टरचं नाव घेत नाही पण त्याने जुन्या कोब्यावर नुसती झाडू मारली, सिमेंटचं पाणी शिंपडलं आणि वर जेमतेम अर्धा इंच माल. घोटताना वरून कोरं सिमेंट भुरभुरवत होता कारण माल पातळ झालेला, पाणी वर आलेलं. दिसायला इतकं सुंदर झालं की आम्ही तिथे हळदीकुंकू केलं, खोटं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर केसासारख्या चिरा आल्या, दिवाळीपर्यंत टायर वळतं तिथे पापुद्रे सुटायला लागले, अक्षरशः कुरडईसारखे उचलून हातात येत होते. खाली जुना कोबा जसाच्या तसा, त्याच्यावर इंजिन ऑईलचा काळा डागसुद्धा तसाच. आणि घोटलेल्या जमिनीवर ओल्या टायरची स्कूटर... माझा डावा गुडघा अजून पावसाचा अंदाज देतो.

नंतर त्याच्यावर इपॉक्सी मारून झाकायचा सल्ला दुसऱ्याने दिला. तेही केलं. जमिनीत ओल होती, फोड आले, आणि उन्हातून आलेल्या गाडीचं गरम टायर जिथे टेकतं तिथला रंग टायरला चिकटून निघून आला, चार चौकोन. करायचंच असेल तर आधी दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिक जमिनीला चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, खाली घाम धरला किंवा कोबा काळपट दिसला तर इपॉक्सीचं नाव काढू नका.

नेरूळ_फर्स्टफ्लोअर:
ओके ओके, मी पहिल्या मजल्यावरचा माणूस आहे, माझा सल्ला मागे 😅

ऐरोलीकर_रोहाऊस:
काका, दोन रात्री गेल्या पण सगळं केलं. मापं इंच आणि सुतात देतो, टेप पकडायला मुलगा होता आणि एका इंचात आठ सूत हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

रेघेपासून खाली: गेटच्या आत ३६ इंच. मधोमध ३७ इंच २ सूत. मागच्या भिंतीला ३६ इंच ६ सूत. टाकीचा स्लॅब ३६ इंच ३ सूत, पण त्याला लागूनचा कोबा ३७ इंच ५ सूत. उंबरठ्याचा माथा ३२ इंच ४ सूत. आणि रस्ता, तुम्ही दरडावलंत म्हणून मोजला, ३५ इंच २ सूत. म्हणजे रस्ताच माझ्या गॅरेजपेक्षा पाऊण इंच वर आहे! दर डांबरीकरणाला एक थर चढतो हे दिसत होतं पण असं कधी डोक्यातच आलं नाही.

भदभद आवाज टाकीच्या भोवती, साधारण चार फूट बाय सहा फूट. मला इतके दिवस वाटत होतं टाकीचं झाकण वर आलंय.

आणि टाकी. रात्री अकराला खूण केली, सकाळी सहाला पाणी तीन बोटं खाली. स्लॅबच्या पोटाला सळया दिसत नाहीत, एका कोपऱ्यात थोडा गंज उतरलाय. बायको म्हणते बिल एवढं का येतं ते कळलं.

जुना_सुपरवायझर:
झाकण वर नाही आलं हो, बाकीचं सगळं खाली गेलंय. टाकी खोल खणून खाली पक्की बसवलेली असते, ती हलत नाही. तिच्या भोवती नंतर टाकलेला भराव मात्र कोणी नीट चोपत नाही, आणि तुमच्या पट्ट्यात तर खाली खाडीकाठची मऊ चिखलमाती, वर मुरूम. त्यात टाकी गळतेय, वर्षानुवर्षं ते पाणी मुरमातली बारीक माती घेऊन जातंय, कोब्याखाली पोकळी पडली आणि गाडीच्या वजनाने कोबा बसला. आता यावर सोन्याचा थर दिला असता तरी दोन वर्षांत परत परात झाली असती. तुमच्या सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, सांगा त्यांना.

आणखी एक, जे तुम्हाला आवडणार नाही. टाकीचं झाकण ३६ इंच ३ सुतावर, गेटची आतली बाजू ३६ वर. म्हणजे मोठ्या पावसात गेटपर्यंत पाणी भरलं की ते झाकणावरून वाहतं. टाकी पिण्याची आहे ना.

ऐरोलीकर_रोहाऊस:
काका हे आईला सांगू नका कोणी.

जुना_सुपरवायझर:
टाकी रिकामी करून आतून वॉटरप्रूफिंग आधी, एक आठवडा त्याला. मग पुढचं सांगतो, मिस्त्रीला मोबाईलवर वाचून दाखवा.

रस्ता वर आहे म्हणून ढाळ नुसता गेटकडे दिला तर पाणी गेटला येऊन उभं राहील, वर बाहेरचं आत येईल. म्हणून गेटच्या आत एक फुटावर आडवी चॅनल काढा, चार-सहा इंच रुंद, वर लोखंडी जाळी, गाडीचं वजन घेणारी. तिथून चार इंची पीव्हीसी पाईप बाजूच्या पावसाळी गटारात. ड्रेनेजच्या चेंबरला चुकूनही जोडू नका, वास तर येतोच आणि तुंबलं की मैला गाडीखाली. पाईपच्या तोंडाला नॉन रिटर्न झडप लावा, कारण मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की होल्डिंग पाँडची (पावसाचं पाणी खाडीत सोडण्याआधी साठवतात त्या तळ्यांची) दारं बंद असतात, पाणी खाडीत जात नाही, गटारं काठोकाठ भरतात आणि मग तुमची चॅनल उलटी वाहते.

गेटच्या रेषेत कोबा रस्त्यापेक्षा इंचभर वर घ्या, म्हणजे रेघेपासून ३४ इंच २ सूत. छोटा उंचवटा होईल, गाडी आरामात चढते. गेट खालून कापायला फॅब्रिकेटर बोलवावा लागेल.

ढाळ फुटाला एक सूत. हे गवंड्याचं माप पण गणित बघा, ९६ ला एक, म्हणजे पुस्तकातलं शंभराला एकच झालं. चॅनलची कड ३६ वर धरली तर मागच्या भिंतीपर्यंत १७ फूट म्हणजे १७ सूत, मागे नवीन कोबा ३३ इंच ७ सुतावर येतो. उंबरठा त्याच्या वर अजून एक इंच ३ सूत राहतो, जमलं. मागे थर पावणेतीन-तीन इंच, मधे सव्वादोन, टाकीच्या स्लॅबवर साधारण दीड. टाकीवर यापेक्षा जास्त वजन चढवू नका आणि त्या गंजलेल्या कोपऱ्याची डागडुजी वॉटरप्रूफिंगवाल्याकडूनच करून घ्या. झाकणाची फ्रेम उचलून नवीन कोब्याच्या दोन इंच वर बसवा, भिंतीकडे आहे तर चाक जात नाही तिथे.

पुढे गेटजवळ मात्र थर शून्य होतो, आणि शून्याला मरणारा सिमेंटचा थर टिकत नाही, कड फुटते. तिथला पहिला चार फूट पट्टा पूर्ण फोडा, नवीन चार इंच काँक्रीट भरा. टाकीभोवतीचा भदभद वाजणारा भागही फोडा, मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात, पाणी मारून, धुम्मसाने चोपून, वर दगडाचं सोलिंग (रचून बसवलेल्या दगडांचा थर), मग पीसीसी. बाकीचा कोबा टणक असेल तर राहू दे, त्याला टाचे (छिन्नीने बारीक खाचा) मारायचे, दाट, दोन इंचावर एक. तेलाचा डाग असेल तेवढा छिन्नीने खरवडून काढायचा, धुऊन जात नाही तो. आदल्या दिवशी कोबा भिजवून ठेवा, सकाळी वर पाणी उभं नको, एसबीआर लेटेक्स (पकड वाढवणारं दुधासारखं रसायन) घातलेली सिमेंटची पातळ स्लरी ब्रशने घासून मारा आणि ती वाळायच्या आत काँक्रीट टाका. स्लरी वाळली तर ती चिकटवायच्या ऐवजी सोडवते, कोलशेतवाल्या ताईंकडे तेच झालं असणार.

माल एक-दीड-तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. खडी बारीक, दहा एमएमची, वाळू क्रश सँड चालेल. एकूण सिमेंट दहा-अकरा बॅगा धरा, टाकीभोवती फोडल्यावर किती लागेल तो वेगळा. खडी अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), क्रश सँड पाव ब्रास मागवा, थोडी उरेल. आणि पाणी! बॅगेला पंचवीस लिटर, त्याच्या वर नाही. मिस्त्री उन्हात कंटाळला की पाईप सोडतो मालात, तिथे खुर्ची टाकून बसा. सकाळी सहाला सुरुवात करा. फिनिश घोटून नको, लाकडी रंध्याने सारखं करून वर ओला झाडू आडवा ओढायचा, बारीक रेघा राहतात, टायर आणि चप्पल दोन्ही पकडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटर मारून पाच बाय सहाचे सहा भाग करा, थराच्या पाव खोलीपर्यंत. आणि टाकीच्या कडेने पूर्ण खोलीचा सांधा ठेवाच, टाकी हलत नाही आणि भराव हलतो, तिथे तुम्ही सांधा दिला नाहीत तर चीर स्वतःचा देईल. दहा दिवस गोणपाट ओलं. गाडी दोन आठवड्यांनी आत, जड टेम्पो वगैरे २८ दिवस नाही.

घणसोली_पेव्हर:
काका एवढं करण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक का नाही? खचलं की उचला, खाली कच भरा, परत लावा.

जुना_सुपरवायझर:
चांगला विचार आहे, उंबरठा उंच असता तर मीही तेच सांगितलं असतं. साठ एमएमचा ब्लॉक, खाली दीड-दोन इंच कच, म्हणजे चार इंच गेलेच, मागे फक्त तीन मिळतायत, म्हणजे जुना कोबा सगळा फोडायला लागेल. शिवाय सांध्यातून पाणी खाली झिरपतं ते परत टाकीच्या बाजूला.

ऐरोलीकर_रोहाऊस:
अपडेट देतो, उशीर झाला. टाकीला सहा दिवस गेले, तळाच्या कोपऱ्यात पाईप शिरतो तिथून गळत होती. भदभद भाग फोडला तर कोब्याखाली माझा हात कोपरापर्यंत आत गेला. मिस्त्री स्वतः म्हणाला साहेब यावर माल मारला असता तर मीच शिव्या खाल्ल्या असत्या. सासरे बघायला आले, त्या खड्ड्यापाशी पाच मिनिटं उभे राहिले, काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले. त्यांचं ते न बोलणं जास्त लागलं.

काँक्रीटच्या दिवशी खुर्ची टाकून बसलो, तरी दहा वाजता मी आत फोन घ्यायला गेलो तेवढ्यात पाईप मालात गेलाच. तो घमेल्यातला माल बाहेर काढायला लावला, थोडी वादावादी झाली, मग त्याच मालात दोन पायऱ्या भरल्या बाहेरच्या. झाडूच्या रेघा मस्त आल्यात. टाकीच्या सांध्यात सीलंट भरलंय.

परवा तासभर जोरदार वळीव झाला, गाडी अजून बाहेरच होती, रात्री दोन बादल्या मागच्या भिंतीला ओतून पण बघितल्या, पाणी सरळ चॅनलला. फक्त उजव्या बाजूला चॅनलच्या अलीकडे एक बशीएवढं पाणी थांबतं, एक-दीड सूत खोल असेल. त्याचं काही करायचं का काका?

जुना_सुपरवायझर:
आत्ता हात लावू नका. २८ दिवस होऊ द्या, मग ग्राइंडरला डायमंडची वाटी लावून त्या बशीची चॅनलकडची कड घासा, खड्डा भरायचा नाही, वाट काढायची. एन ९५ मास्क लावून, काँक्रीटची धूळ छातीला वाईट. पाऊस चालू झाला असेल तर ओलंच घासा, फक्त वायर आणि प्लग कोरडे ठेवा, बोर्डाला ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तरच.

ऐरोलीकर_रोहाऊस:
चालेल. आईने त्या बशीत कालच चिमण्यांसाठी तांदूळ टाकलेत, आता तिची परवानगी काढायला लागेल.